शंका-समाधान : क्रेनच्या सेफ्टी कंट्रोलरचे रिले

प्रश्न : आमच्या 10 टनी ईओटी (विजेवर चालणाऱ्या, छताजवळच्या रुळांवर फिरणाऱ्या) क्रेनवर ओव्हरलोड कंट्रोलर आहे. वजन जास्त झाले की हॉइस्ट (माल उचलणारी यंत्रणा) वर जायचा थांबतो. पण परवा कंट्रोलरचाच फ्यूज उडाला, तरी हॉइस्ट बिनदिक्कत चालू! रिले (कंट्रोलरमधला विजेने चालणारा छोटा स्विच) खराब झाला असेल का?

उत्तर : रिले ठणठणीत आहे, जोडणी उलटी आहे. तुमच्याकडे ओव्हरलोडला रिले ओढतो, त्याचा एनसी (एरवी जुळलेला, रिले ओढल्यावर उघडणारा संपर्क) सुटतो आणि 'अप' कॉन्टॅक्टर (मोटरला वीज देणारा मोठा स्विच) पडतो, म्हणजे बंद होतो. कंट्रोलरला सप्लायच नसेल तर रिले ओढणार कशाने? एनसी जुळलेलाच राहतो.

मेन आयसोलेटर बंद करून कुलूप लावा. 'अप' कॉन्टॅक्टरच्या कॉइलकडे जाणारी वायर एनसीवरून काढून एनओवर (एरवी उघडा, रिले ओढल्यावर जुळणारा संपर्क) घ्या. कॉमन (दोन्ही संपर्कांचे सामाईक टोक) आहे तिथेच राहू द्या. मग सेटिंगमध्ये रिले 'फेल-सेफ' करा, म्हणजे सारे ठीक असताना तो ओढलेला राहील. ही दोन्ही कामे एका बैठकीत उरका. नुसती वायर हलवलीत तर रिकामा हुक उचलणार नाही आणि ओव्हरलोडला मात्र उचलेल. 'डाउन'च्या सर्किटमध्ये हा संपर्क घालू नका, अडकलेला माल खाली घ्यायचा असतो.

तपासणी रिकाम्या हुकावर करा. कंट्रोलरचा फ्यूज काढून 'अप' दाबा, कॉन्टॅक्टर ओढता कामा नये. फ्यूज परत लावा, लोड सेलची (वजन मोजणाऱ्या सेन्सरची) एक सिग्नल वायर सोडवा आणि पुन्हा दाबा. आता ओढला, तर सेन्सर-फॉल्टचे सेटिंग बंद आहे; बहुतेक जण ही दुसरी तपासणी करतच नाहीत.

प्रश्न : रिलेवर 5 अँपिअर लिहिले आहे, कॉन्टॅक्टरची कॉइल अर्धा अँपिअरही घेत नाही. तरी संपर्क चिकटला. असे का?

उत्तर : तो आकडा बहुधा रेझिस्टिव्ह (हीटरसारख्या, कॉइल नसलेल्या) लोडचा. कॉइलसाठी एसी-15 किंवा डीसी-13 (एसी व डीसी कॉइलच्या लोडचे वर्ग) खालचा आकडा बघा, तो बराच कमी असतो. शिवाय कॉन्टॅक्टर ओढताना एसी कॉइल क्षणभर कित्येक पट करंट घेते.

110 किंवा 230 व्होल्ट एसी कॉइलला 100 ओहम व 0.1 मायक्रोफॅरडचा आरसी स्नबर (रेझिस्टर-कपॅसिटरची, व्होल्टेजचा झटका शोषणारी जोडी) लावा, तोही कॉइलवरच. रिलेच्या संपर्कावर लावलात तर 230 व्होल्टला संपर्क उघडा असतानाही सुमारे 7 मिलिअँपिअर झिरपतो आणि छोटा रिले त्यावर धरून राहू शकतो. 24 व्होल्ट डीसी कॉइलला नुसता डायोड लावला तर कॉन्टॅक्टर उशिरा सुटतो. हॉइस्टवर व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज शोषणारा भाग) बरा. संपर्काच्या आधी उत्पादकाने सांगितलेल्या रेटिंगचा फ्यूज हवाच.

प्रश्न : माल झटक्याने उचलला की ट्रिप होते. सेटिंग वाढवू का?

उत्तर : मर्यादा वाढवू नका. कटऑफ (ज्या वजनाला हॉइस्ट थांबतो ती मर्यादा) क्रेनच्या क्षमतेच्या साधारण 110 टक्क्यांवर ठेवून अर्धा ते एक सेकंद डिले द्या. 125 टक्क्यांच्या लोड टेस्टसाठी कटऑफ वर नेला असेल, तर टेस्ट संपताच खाली आणून पासवर्ड बदला.