मालकच नाही, तर सरकार पकडणार कोणाला?

प्रश्न : मी पिंपळगाव बसवंतचा कांदा व्यापारी. मुलगा म्हणतो, बिटकॉइनला मालकच नाही, सरकार काही करू शकत नाही. खरं का?

उत्तर : दादा, अर्धंच खरं. बिटकॉइनच्या हिशोबाची वही जगभरच्या हजारो संगणकांवर असते, त्यामुळे टाळं ठोकायला एक कचेरी सापडत नाही. चीनने २०२१ मध्ये मायनिंग (संगणक चालवून व्यवहार वहीत नोंदवायचं आणि त्या बदल्यात नवी नाणी मिळवायचं काम) बंद केलं, तरी जाळं चालूच राहिलं. पण त्या नाण्यांचे रुपये करून हमालांची मजुरी द्यायची, तर एक्सचेंज (नाणी विकत घेणारा-विकणारा ऑनलाइन बाजार) आणि बँक लागतेच. सरकार तिथंच नाक दाबतं.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या धंद्यापासून लांब राहायला सांगितलं; मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. मग २०२२ मध्ये नफ्यावर ३० टक्के कर आला, आणि तोटा वजा करायची सोयच नाही. शेतमालाच्या व्यापाऱ्याला हे किती टोचेल, ते तुम्हीच जाणता. शिवाय १ टक्का टीडीएस. २०२३ पासून एक्सचेंजना मनी लाँडरिंग कायदा लागू आहे.

परवा भाचीने द्वारका चौकातल्या चहाच्या टपरीवर मोबाइलवर एक जुना व्यवहार उघडून दाखवला. रक्कम, तारीख, वेळ, सगळं उघडं. फक्त नाव नाही, त्याच्या जागी आकडे-अक्षरांचा एक लांबलचक पत्ता. तो पत्ता एकदा केवायसीला जोडला गेला, की मागचा सगळा माग निघतो. मला खरी काळजी याचीच वाटते. मुलाला प्रत्येक खरेदी-विक्री तारखेनिशी लिहून ठेवायला सांगा. रिटर्नमध्ये त्यासाठी वेगळा तक्ता भरावा लागतो.