वाचकांचे प्रश्न : रेकॉर्ड प्रोड्यूसर नेमकं करतो काय?

प्रश्न : सिनेमाचा निर्माता पैसे घालतो. मग गाण्याच्या रेकॉर्डवर ‘प्रोड्यूसर’ म्हणून ज्याचं नाव असतं, त्याचं काम काय? (सातारा)

नावावर जाऊ नका. त्याचं काम सिनेमाच्या दिग्दर्शकाशी जास्त जुळतं. कोणतं गाणं घ्यायचं, कोणती वाद्यं वाजवायची, कोणता टेक (म्हणजे गाण्याचं एकदा केलेलं रेकॉर्डिंग) ओके, हे तो ठरवतो. इंग्लंडच्या बीटल्स बँडच्या पहिल्या एलपीची १० गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात लंडनच्या ॲबी रोडवरच्या स्टुडिओत झाली. प्रोड्यूसर जॉर्ज मार्टिन. ‘ट्विस्ट अँड शाउट’ त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं. बँडचा गायक जॉन लेननला सर्दी होती आणि हे गाणं घसा फोडून गायचं. आधी घेतलं असतं, तर पुढची गाणी बसलेल्या आवाजात गावी लागली असती. रेकॉर्डवर आहे तो पहिलाच टेक. दुसऱ्या टेकला घशात काही उरलंच नव्हतं. प्रोड्यूसरची पारख असते ती ही.

प्रश्न : बीटल्सचं ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ म्हणे दोन रेकॉर्डिंगं जोडून केलंय. पट्टी वेगळी, लय वेगळी. मग जोड बसला कसा? (पुणे)

हे १९६६च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधलं काम. लेननला एका रेकॉर्डिंगची शांत सुरुवात आवडली होती आणि दुसऱ्याचा ४ ट्रम्पेट, ३ चेलोंचा जोरकस उत्तरार्ध. दोन्ही जोडा, म्हणाले. जोरकस टेकची लय जलद होती आणि पट्टी साधारण अर्ध्या सुराने चढी, म्हणजे पेटीवर पांढरी एक आणि काळी एक यांच्यात जेवढं अंतर तेवढी.

सुदैव इथेच आहे. टेप सावकाश फिरवली की लय आणि सूर दोन्ही एकदम उतरतात. अर्ध्या सुरासाठी वेगात सुमारे ६ टक्के फरक लागतो. सेकंदाला १५ इंच धावणारी टेप साधारण १४.१ इंचांवर आणायची. जलद टेक खालच्या पट्टीत असता, तर लय जुळवताना सूर आणखी लांब गेला असता. मार्टिन आणि इंजिनिअर जेफ एमरिक यांनी पहिल्या टेकचा वेग किंचित वाढवला, दुसऱ्याचा उतरवला आणि टेप कापून जोडली. हेडफोन लावून साधारण पहिल्या मिनिटाशी ऐका. लेननचा आवाज एकदम जड, पेंगुळलेला होतो, कारण वेग उतरला की सुराबरोबर आवाजाचा पोतही खाली येतो.

प्रश्न : आम्ही घरी दोन टेक जोडतो, पण जोडावर ‘टक्’ ऐकू येतं. (नाशिक)

ध्वनिलहर मध्येच तुटली की टक् होतं. ड्रमच्या ठोक्याच्या ५ ते १० मिलिसेकंद आधी कापा आणि तेवढ्याच लांबीचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक टेक विरत जाताना दुसरा हळूहळू चढू द्या. ठोका जोड झाकतो. लांबवलेल्या स्वरावर कापू नका. झांज घुमत असेल तर तिथेही नको, कारण तिचा नाद अर्ध्यात गेलेला लगेच कळतो. सगळे एकाच खोलीत वाजवत असाल, तर गाणं ड्रमच्या माइकातही शिरलेलं असतं, म्हणून सगळे ट्रॅक एकाच जागी कापा. दर टेकआधी गिटार पुन्हा सुरात लावा. सॉफ्टवेअरमध्ये लय सुरापासून वेगळी बदलता येते, पण फार ताणलीत तर ठोक्यांची धार जाते. त्यापेक्षा दोन्ही टेक एकाच क्लिकवर (हेडफोनमध्ये लय देणाऱ्या टिकटिकीवर) वाजवा.