वाळवी: फवारा, भोकं की आमिष?

प्रश्न: तळमजल्यावरचं पंचवीस वर्षांचं घर आहे. दोन चौकटी आतून पोकळ झाल्यात, भिंतीवर मातीच्या नळ्या दिसतात. एक जण नुसती फवारणी करतो म्हणतो, दुसरा फरशीला भोकं पाडून औषध भरणार, तिसरा आमिषाचे डबे लावणार. कोणाला बोलवावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर: मातीची नळी दिसली म्हणजे वाळवी जमिनीतून वर येते आहे. चौकटीत ती फक्त जेवायला येते, वस्ती जमिनीखाली असते. त्यामुळे फवारणीवाल्याला नमस्कार करा. समोरची वाळवी मरेल, नळी सुकेल आणि थोड्या दिवसांनी शेजारच्या फटीतून नवी नळी निघेल.

तुमच्या घराला भोकं पाडून औषध भरणंच योग्य. बांधून झालेल्या घरांसाठी आयएस ६३१३ या भारतीय मानकाचा भाग ३ आहे. भिंत आणि फरशी मिळते त्या रेषेवर साधारण दर ३० सेंटिमीटरला १२ मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि औषध जिरायचं थांबेपर्यंत, जास्तीत जास्त १ लिटर, भरायचं.

आता हिशेब करा. भिंतींची लांबी ४० मीटर धरली तर सुमारे १३० भोकं, म्हणजे १३० लिटरपर्यंत द्रावण. इमिडाक्लोप्रिड ३०.५ एससी हे वाळवीचं औषध (आकडा आणि अक्षरं म्हणजे बाटलीवरची ताकद आणि प्रकार) लिटरला २.१ मिली पडतं, म्हणजे पावणेतीनशे मिली औषध लागेल. क्लोरपायरीफॉस २० ईसी हे दुसरं औषध असेल तर १ लिटर औषधाला १९ लिटर पाणी, म्हणजे साडेसहा लिटर. पाठीवरचा १६ लिटरचा एकच पंप आणून तासाभरात काम उरकणाऱ्याने भोकागणिक जेमतेम सव्वाशे मिली दिलेलं असतं. वाळवी परत येते ती बहुतेक इथूनच. औषधाचं नाव मग काहीही असो. म्हणून सीलबंद बाटली समोर फोडायला सांगा, बादल्या मोजा.

दुसरी गफलत ड्रिलच्या बिटाची. फरशी, खालचा माल आणि कोबा मिळून अर्धा फूट सहज होतो. आखूड बिट मातीपर्यंत पोचतच नाही, आणि औषध भोकातून उलट वर येतं. बिटाच्या टोकाला माती लागून आली की पोचलो म्हणायचं. बाथरूममध्ये मात्र भोकं नकोत, वॉटरप्रूफिंग फुटतं. त्या भिंतीला पलीकडच्या खोलीतून औषध द्या. नळाचे आणि विजेचे पाइप कुठून गेलेत ते आधी खडूने आखून घ्या. चौकटीला ४५ अंशात खाली उतरती बारीक भोकं पाडून तेलात कालवलेलं औषध सोडतात. भोकं शेवटी पांढऱ्या सिमेंटमध्ये फरशीचा रंग मिसळून बुजवायची.

औषधांत आमचा कल इमिडाक्लोप्रिडकडे. बायफेन्थ्रिन या आणखी एका औषधाचा वाळवीला वास लागतो, ती वळसा घालून राहिलेली फट शोधते. इमिडाक्लोप्रिड तिला कळत नाही. ती त्यातून जाते आणि अंगाला लागलेलं इतरांना देते. अर्थात म्हणूनच पहिले काही दिवस हालचाल दिसत राहील, घाबरू नका.

आमिषातलं औषध वाळवीला कात टाकू देत नाही, त्यामुळे काम महिनोन्महिने चालतं आणि डबे नेमाने तपासावे लागतात. आवारात विहीर असेल किंवा फरशी फोडायचीच नसेल तर तोच मार्ग बरा. एरवी चौकटी कोसळायला आल्यावर इतका धीर कोण धरणार?

प्रश्न: चौथ्या मजल्यावर राहतो, स्वयंपाकघराच्या कपाटात वाळवी आहे. आम्हीही भोकं पाडावीत का?
– एक वाचिका, ठाणे

उत्तर: अजिबात नाही. फरशीखाली माती नाही, स्लॅब आहे. वाळवी बहुधा पाइपांच्या डक्टमधून चढली असेल. कपाट भिंतीपासून सोडवा, मागची नळी कुठे जाते ते पाहा. दोन बोटं रुंदीचा तुकडा मोडून ठेवा. तीन-चार दिवसांत सांधला गेला तर वाट चालू आहे. डक्ट आणि इमारतीचं जोतं यांचं काम सोसायटीनेच करायला हवं. गळका पाइप आधी दुरुस्त करा, ओल मिळाली तर वाळवी वरच मुक्काम ठोकू शकते.

प्रश्न: जुन्या घराच्या वाशांतून खसखशीसारखे दाणे पडतात. माती कुठेच नाही. ही वाळवीच का?
– एक वाचक, मालवण

उत्तर: दाणा बोटांत चोळून पाहा. कडक आणि भिंगाखाली सहा बाजूंचा दिसला तर सुक्या लाकडातली वाळवी. मैद्यासारखी भुकटी असेल तर बहुधा भुंगा. ही वाळवी लाकडातच राहते, जमिनीशी तिचा संबंध नाही. तेव्हा फरशीला भोकं पाडणं म्हणजे पैसे मातीत. वासा हातोडीने ठोका. पोकळ आवाजाचा भाग मोठा असेल तर वासा बदला. थोडाच असेल तर दाणे पडतात त्या भोकातून पिचकारीने औषध आत सोडा. बोरेट (लाकडात मुरणारं बोरॉनचं औषध) लावायचं असेल तर आधी रंग-वार्निश खरवडा, नाहीतर ते आत शिरत नाही. पावसाच्या माऱ्यातल्या लाकडाला ते नको, धुऊन जातं. काढलेला वासा अंगणात रचून ठेवू नका, त्याच दिवशी जाळा.