खंडीवरून कापसाचा भाव काढायला कोणतं ॲप?

प्रश्न : मी एका जिनिंगसाठी (कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यासाठी) खेडा खरेदी करतो. सकाळी फोनवर रुईच्या खंडीचा (356 किलोचा) आणि सरकीचा भाव कळतो. मग गावोगाव कापूस पाहायचा, उतारा (क्विंटलभर कापसातून किती किलो रुई निघेल ते) धरायचा आणि क्विंटलला किती देता येतील ते उभ्या उभ्या सांगायचं. दिवसातून तीस-चाळीस वेळा हेच गणित. साध्या कॅल्क्युलेटरवर मधला एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. प्रोग्राम करता येईल असं कोणतं ॲप घेऊ?
– एक वाचक, धरणगाव

उत्तर : भाऊ, हे गणित माझ्या घरातलं आहे. माझे वडील अमळनेरला जिनिंगमध्ये दिवाणजी होते. रात्री जेवण झालं की पाटीवर मला हीच बेरीज-वजाबाकी घालायचे, रुई कितीत पडली ते काढायला. तुमची अडचण मात्र उलटी आहे. खंडीचा भाव तुम्हाला माहीत असतो, काढायचा असतो कापसाचा. समोरचा शेतकरी "काय भाव देशात, भाऊ?" म्हणून थांबलेला असतो. म्हणून नुसता प्रोग्राम साठवणारं ॲप घेऊ नका. एकच सूत्र दोन्ही बाजूंनी सोडवणारं घ्या.

मी 'फ्री42' वापरतो. एचपी कंपनीने 1988 साली काढलेल्या 42एस या कॅल्क्युलेटरसारखंच ते चालतं. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि शिवारात रेंज नसली तरी अडत नाही. त्यातला 'सॉल्व्हर', म्हणजे सूत्रातला राहिलेला आकडा काढून देणारा भाग, तुमच्या कामाचा. सूत्र असं बसवा : कापसाचा भाव अधिक खर्च, त्यातून सरकीचे पैसे वजा, उरलेल्याला उताऱ्याने भागा, 356 ने गुणा, त्यातून खंडीचा भाव वजा करा. उत्तर शून्य आलं पाहिजे. सरकी किती किलो? शंभरातून उतारा आणि घट (वाया जाणारं वजन) काढून राहील तेवढी.

भाव, खर्च, उतारा, घट, सरकी, खंडी ही सहा नावं झाली. पडद्यावर एका ओळीत बटणंही सहाच मावतात, तेव्हा सगळं एका नजरेत राहतं. नावं इंग्रजी अक्षरांत, सात अक्षरांच्या आत द्या. पाच आकडे भरायचे आणि सहावं बटण मोकळं दाबायचं.

समजा खंडी 55,000, सरकी 30 रुपये किलो, खर्च 200, घट 2. उतारा 34 धरला तर कापूस 6,973 रुपयांना परवडतो. 33 धरला तर 6,848. म्हणजे उताऱ्याचा एक किलो इकडेतिकडे झाला की क्विंटलमागे सव्वाशे रुपये हलतात. फरदडीच्या (हंगाम संपल्यावरही ठेवलेल्या झाडांच्या) कापसाला पहिल्या वेचणीचा उतारा धरणाऱ्याचं काय होत असेल, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. आणि उतारा मुद्दाम कमी धरला, तर तेच सव्वाशे शेतकऱ्याच्या खिशातून जातात. भावाचं बटण दाबण्याआधी सरकी काढलेली रुई हातावर तोलून पाहाच.

एक अडचण आधीच सांगतो. या कॅल्क्युलेटरवर आकडे आधी आणि चिन्ह नंतर दाबायचं : 100, एन्टर, 34, वजा, 2, वजा. पहिले काही दिवस हात अडखळेल. ते नकोच असेल तर त्याच कर्त्याचं 'प्लस42' आहे. त्यात सूत्र वहीत लिहितो तसं लिहिता येतं, पण ते विकत घ्यावं लागतं. मी तुमच्या जागी असतो तर फुकटवालं आठवडाभर वापरून मगच ठरवलं असतं.

सूत्र बसवल्यावर वरचं उदाहरण घालून 6,973 येतात का ते पाहा. आणि हे विसरू नका : ॲप बंद केलं तरी मागच्या ढिगाचा उतारा त्यात तसाच राहतो. नव्या ढिगाजवळ गेलात की आधी उतारा भरा, मग बाकीचं.