कंदील पुढे गेला, लेख मागे राहिला

माई,
मी 61 वर्षांची, निवृत्त ग्रंथपाल. गेली 22 वर्षं दिवाळी अंकांत लिहिते. चार हजार शब्दांच्या आत माझा लेख कधी आटपलेला नाही. भाचीच्या आग्रहाखातर तीन आठवड्यांपूर्वी, छोट्या पोस्टी लिहितात अशा एका ठिकाणी खातं उघडलं. हरिपूरच्या हळदीच्या पेवांवरच्या, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांवरच्या, जुन्या लेखाचा काही भाग 31 तुकडे करून तिथे टाकला. तीस तुकड्यांना कुणी विचारलं नाही, नववा मात्र शेकडो लोकांनी पुढे पाठवला. एकानं लिहिलं, ‘एवढं लांब कोण वाचणार?’ त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. आता दर दहा मिनिटांनी हात फोनकडे जातो. यंदाच्या लेखासाठी संपादकांचे दोन फोन येऊन गेले, पण लिहायला बसले की वाक्यं तुटक येतात. माझं लिहिणं संपलं का?
– अस्वस्थ, सांगली

ताई,

नाही संपलं. पुरावा तुमच्याच पत्रात आहे. इथे जागेअभावी सगळं पत्र छापता आलं नाही, पण तिसऱ्या पानावर आईबरोबर संगमावर जायच्या त्या वाटेबद्दल तुम्ही लिहिलंय, ते एकच वाक्य अकरा ओळींचं आहे. मी ते मोठ्यानं वाचलं. कुठेही दम लागला नाही. तीन आठवड्यांत मोडणारा हात असं वाक्य लिहीत नाही.

आता तो नववा तुकडा. तुम्ही तो सोबत जोडलाय म्हणून बरं झालं. पेव उघडलं की माणूस आत उतरण्याआधी पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा. विझला तर आत श्वासापुरती हवा नाही, त्या दिवशी कुणी उतरायचं नाही. बस, एवढंच. बाकीच्या तुकड्यांत ‘म्हणूनच’, ‘वर सांगितल्याप्रमाणे’, ‘त्यामुळे पुढे’ अशी सुरुवात आहे. लेखात ते शब्द सांधे जोडतात. सुटे झाले की लोंबकळतात. कंदिलाला मात्र मागचं-पुढचं काही लागत नाही, तो एकटा उभा राहतो. तुमच्या लिखाणाला लोकांनी नाकारलं, असा अर्थ तुम्ही काढलात. मला वाटतं, एकट्यानं उभं राहील एवढंच त्यांनी उचललं.

या जागेची घडणही समजून घ्या, म्हणजे राग कमी होईल. ट्विटर (आताचं एक्स) 2006 साली निघालं, सुरुवातीच्या वर्षांत मर्यादा 140 अक्षरांची होती, कारण एसएमएस 160चा आणि त्यातली 20 नावासाठी राखलेली. 2017मध्ये ती 280 झाली. आपल्या देवनागरीची तर आधीपासूनच अडचण. एसएमएसमध्ये ती 70 अक्षरांतच संपायची. ट्विटरवर काना, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त, सगळं वेगळं मोजतात. तुमची ‘कृष्णा’ डोळ्यांना दोन अक्षरं दिसते, मोजणीत सहा भरते. म्हणजे 280त आपले जेमतेम चाळीसेक शब्द. चार हजार शब्दांचं घर तिथे पाडून नेलंत तर विटाच पोचणार.

मी वसतिगृहात होते तेव्हा वडिलांचं पोस्टकार्ड यायचं. ‘पाऊस बरा. तांबडी व्याली, कालवड झाली. आईचा खोकला उतरला. पैसे सोमवारी पाठवतो.’ जागा संपली की कडेच्या पट्टीत उभ्या ओळीत ‘अभ्यास कर’. त्या चार ओळींत मला गोठ्याचा वास यायचा. थोरल्या भावानं नोकरी सोडली तेव्हा त्याच वडिलांनी त्याला आठ पानी पत्र लिहिलं. त्या आठ पानांची त्यांनी कधी आठ कार्डं केली नाहीत. त्यांना कार्डही येत होतं आणि पत्रही, आणि कोणत्या गोष्टीला काय लागतं हे ते पेन उचलण्याआधी ठरवत असत.

तुम्हीही तसंच करा. तिथे लेख नेऊ नका. लेखात न बसलेली एखादी गोष्ट न्या: पेवाच्या तोंडावरच्या मातीचा रंग, हळद बाहेर काढणाऱ्या माणसाचे पिवळे तळवे. आधी वहीत लिहा, दुसऱ्या दिवशी वाचा, तरीही सांगावीशी वाटली तर टाका. हे लिहिणं हलकं नाही. चाळीस शब्दांत ‘म्हणूनच’ला लपायला जागा नसते.

फोनबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. तुम्ही 22 वर्षं ऑक्टोबरात छापून आलेल्या लेखासाठी जानेवारीतल्या दोन पत्रांची वाट पाहिलीत. इतक्या वर्षांची ती भूक आहे. उत्तर आता मिनिटात येतं म्हटल्यावर हात तिकडे जाणारच. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण लेखाला लागणारी सकाळ ती भूक खाऊन टाकते. दुपारच्या जेवणापर्यंत फोन भाचीकडे किंवा शेजारी ठेवा, घरात नकोच. वाक्यं तुटक येतात, कारण दर वाक्यानंतर कुणी काही म्हणालं का, हे बघायला मन उठून जातंय. आठवडाभर ते बसू द्या, सांधे परत जुळतील.

‘कोण वाचणार’ म्हणणाऱ्याला उत्तर देऊ नका. त्यानं वाचलेलंच नाही, त्याच्याशी बोलणार काय?

पण तुमच्या पत्रात एक ओळ ओझरती येऊन गेली, तिच्यावर मी थांबले. कंदिलाच्या पोस्टीखाली बार्शीकडच्या एका गृहस्थांनी लिहिलं की आमच्याकडे ज्वारीच्या पेवात आजोबा असाच कंदील सोडायचे, आणि एका वर्षी त्यांनी तो सोडला नाही. पुढे काय झालं ते त्यांनी लिहिलेलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत, कारण तेव्हा तुम्ही तीस तुकड्यांचं दुःख करत होता. ताई, यंदाचा लेख कदाचित तिथेच सुरू होतो. आज संध्याकाळी फोन हातात घ्याल तेव्हा सगळ्यात आधी त्या गृहस्थांना उत्तर लिहा. विचारा, त्या वर्षी काय झालं.

तुमची,
माई