अमेरिकेतल्या पीएचडीचा अर्ज: गुण, नाव आणि शिफारसपत्रं

प्रश्न: अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठात पीएचडीसाठी अर्ज करायचा आहे. टक्क्यांचा जीपीए (श्रेणीगुणांची सरासरी) करून भरू का? शिफारसपत्रं कधी मागू?

उत्तर: विद्यापीठाने सांगितल्याशिवाय रूपांतर करू नका. गुणपत्रिकेवर आहेत तेच गुण आणि तीच मोजपट्टी भरा.

त्याहून जास्त अडचण नावाची होते. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, वडिलांचं आणि बऱ्याचदा आईचंही नाव असतं. पासपोर्टवर रचना वेगळी. अर्ज, जीआरई (पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा) आणि टोफेल (इंग्रजीची परीक्षा) या तिन्ही ठिकाणी नाव पासपोर्टप्रमाणेच हवं, नाहीतर गुण तुमच्या अर्जाला जोडले जाण्यात अडचण येऊ शकते. जीआरईचे गुण 5 वर्षं चालतात, टोफेलचे 2. जीआरई लागतेच असं नाही, विभागाचं पान वाचा.

शिफारसपत्रं बहुधा 3 लागतात. मुदत बऱ्याच ठिकाणी डिसेंबरात असते, म्हणून सरांना-मॅडमना ऑक्टोबरातच विचारा. सोबत बायोडेटा आणि प्रकल्पाचा सारांश द्या. अर्जात त्यांचा ईमेल भरला की पत्र अपलोड करायची लिंक थेट त्यांना जाते, अनेकदा स्पॅममध्ये! दोन दिवसांनी नम्रपणे विचारा. पत्राचा मसुदा तुम्हालाच लिहायला सांगितला, तर मुद्दे द्या, पत्र त्यांनाच लिहू द्या. तिन्ही पत्रांची भाषा सारखी दिसली की प्रवेश समितीला लगेच कळतं.