सहीशेजारची चांदणी आणि 'आर' नसलेला लालीक

तुमचे प्रश्न दोन आहेत. घरात वारशाने आलेल्या कॅमिओ काचेच्या (वेगवेगळ्या रंगांचे थर खोदून नक्षी उठवलेल्या काचेच्या) फुलदाणीवर 'गाले' अशी सही आणि शेजारी छोटी चांदणी आहे. ती खुद्द एमिल गालेनं घडवली का? आणि तळाशी नुसतं 'लालीक, फ्रान्स' कोरलेला फ्रॉस्टेड काचेचा वाडगा रने लालीकच्या हातचा मानायचा का? दोन्हींचं थोडक्यात उत्तर 'नाही' असं आहे. पण म्हणून वस्तू टाकाऊ ठरत नाहीत. या दोन फ्रेंच काचकलावंतांच्या आयुष्यातली काही सालं पाठ असली की वस्तू कोणत्या काळातली, हे बरंचसं आपलं आपल्याला कळतं. म्हणून सविस्तर लिहितो.

गालेचा जन्म 1846 चा, फ्रान्समधल्या नान्सी गावचा. वडिलांचा काच आणि चिनी मातीच्या भांड्यांचा व्यवसाय होता. जर्मनीत वायमारला शिक्षण, मग लॉरेन प्रांतातल्या मायझेनथालच्या काच कारखान्यात उमेदवारी. वनस्पतिशास्त्र हा मात्र त्याचा आयुष्यभराचा ध्यास. त्याच्या काचेवरचं ऑर्किड किंवा काटेफूल पाहिलं तर पाकळी देठाला कुठून फुटते हे त्याला नेमकं ठाऊक होतं, असं जाणवतं. नक्षीकाम करणारे त्या काळात पुष्कळ होते. झाड वाचता येणारा असा क्वचितच. त्याच्या कारखान्याच्या दारावर 'माझं मूळ रानाच्या गर्भात आहे' या अर्थाचं वाक्य कोरलं होतं, आणि ते त्याला शोभणारं होतं.

1870 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तो स्वयंसेवक म्हणून गेला. युद्धानंतर मायझेनथाल जर्मन साम्राज्यात गेलं, नान्सी फ्रान्समध्ये राहिलं. ही जखम त्याच्या कामात सतत दिसते: लॉरेन प्रांताचा दुहेरी क्रूस आणि नान्सीचं काटेफूल या खुणा त्यानं वारंवार वापरल्या. गंमत अशी की 1885 च्या करारानुसार त्याची बरीचशी काच सीमेपलीकडे त्याच मायझेनथालच्या भट्टीत फुंकली जात होती. नान्सीत त्याची स्वतःची काचभट्टी पेटली ती 1894 मध्ये. म्हणजे सहीसोबत 'नान्सी' लिहिलेली 1894 पूर्वीची फुलदाणी तिथे फुंकली गेली असेलच असं नाही. संग्राहकानं हे लक्षात ठेवावं.

आता 'खुद्द गालेनं घडवली का' या प्रश्नाचा गाभा. गाले काच फुंकणारा कारागीर नव्हता. तो कल्पना करायचा, रेखाटनं द्यायचा, रंगांचे आणि धातूंच्या ऑक्साइडचे प्रयोग करायचा. फुंकणारे, कोरणारे, आम्लानं खोदणारे हात दुसऱ्यांचे असत. 1889 च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्यानंतर मागणी वाढली आणि त्याच्या हयातीतच दोन प्रवाह वेगळे झाले. एकीकडे मोजक्या, चाकावर कोरलेल्या, वितळलेल्या काचेत रंगीत काचेचे तुकडे बसवलेल्या वस्तू (या काच-मार्केट्रीचं पेटंट 1898 चं). दुसरीकडे साध्या घरांतही जाव्यात म्हणून आम्लानं खोदलेल्या, एका नमुन्यावरून अनेक निघणाऱ्या फुलदाण्या. दोन्हींवर सही गालेचीच. तुम्ही वर्णन केलेली फुलदाणी या दुसऱ्या प्रवाहातली आहे.

1904 च्या सप्टेंबरमध्ये रक्ताच्या कर्करोगानं तो गेला. पत्नी आंरिएत हिनं कारखाना चालू ठेवला आणि पती हयात नाही हे कळावं म्हणून काही वर्षं सहीला चांदणी जोडली. बाजारात बनवाबनवीची एवढी उदाहरणं असताना या बाईंचा हा प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो. 1914 मध्ये त्याही गेल्या. मग जावई पॉल पेर्द्रिझे यांनी कारभार पाहिला. 1920 च्या दशकात साच्यात फुंकून फळं, फुलं आणि हत्ती उठावात आणलेल्या फुलदाण्या निघाल्या. गालेनं त्या कधी पाहिल्याही नाहीत, तरी लिलावात त्यांना मोठी मागणी असते, आणि काम पाहता ती रास्त आहे. 1930 च्या दशकात कारखाना बंद पडला. थोडक्यात, तुमची चांदणीवाली फुलदाणी 1904 नंतरच्या काही वर्षांतली, त्याच कारखान्यातली, त्याच्याच नमुन्यांच्या परंपरेतली. मात्र हे ती अस्सल असेल तरच.

कारण नकला भरमसाट आहेत. रुमानियात गेल्या काही दशकांत गाले पद्धतीच्या फुलदाण्या मोठ्या संख्येनं तयार झाल्या. त्यांवर सहीजवळ 'टिप' (TIP) अशी अक्षरं असतात, म्हणजे 'त्या धर्तीचं'. बनवणाऱ्यांनी लपवलेलं नसतं. मधला विक्रेता ती अक्षरं घासून टाकतो. म्हणून सहीच्या आसपासचा भाग तिरप्या उजेडात बघा. तिथे काच किंचित खोलगट किंवा वेगळी गुळगुळीत लागली तर थांबा. सही नक्षीच्याच थरात उठावदार आहे की नंतर कोरलेली, हे पाहा. आतून दिवा लावला की थरांचे रंग एकमेकांत उतरताना दिसायला हवेत. नकलेत बहुधा एकच सपाट रंग चिकटवल्यासारखा दिसतो. आणि झाड ओळखा! पान एका वनस्पतीचं आणि फूल दुसरीचं असेल तर माझी शंका पक्की होते.

लालीककडे वळतो. जन्म 1860, शँपेन भागातल्या आय गावी. वडील गेल्यावर सोळाव्या वर्षी पॅरिसच्या लुई ओकोक या जवाहिऱ्याकडे उमेदवारी, मग इंग्लंडमध्ये शिक्षण. आधी तो दागिन्यांचा माणूस. हिऱ्यांच्या वजनावर दागिना तोलण्याच्या काळात त्यानं शिंग, मीनाकारी आणि काच वापरून नटी सारा बर्नहार्टसाठी दागिने घडवले. संग्राहक कालूस्त गुलबेंकियान यांनी त्याच्याकडून घेतलेला संग्रह लिस्बनच्या संग्रहालयात आहे. त्यातली चतुर (हा कीटक) आणि स्त्री एकत्र आलेली ती छातीवरची पिन बघितलीत तर बाकीचं सगळं विसराल. पुढे फ्रांस्वा कोती या अत्तरवाल्यासाठी त्यानं कामं घेतली आणि हळूहळू काचेनं दागिन्यांची जागा घेतली. पहिल्या महायुद्धानंतर आल्सासमधल्या विंजेन गावी नवा कारखाना उभा राहिला. तिथे साच्यात दाबलेली आणि फुंकलेली काच निघू लागली. म्हणजे इथेही 'हातानं घडवलेली' हा निकष लावू नका. अपवाद मेण वितळवून केलेल्या ओतकामाचा: त्या वस्तू एकेकट्या असतात आणि काहींवर मेणात उमटलेले बोटांचे ठसेही सापडतात.

1945 मध्ये लालीक वारला. मुलगा मार्क यानं कारखाना सांभाळला, काचेऐवजी शिशाचं प्रमाण जास्त असलेलं क्रिस्टल आणलं आणि सहीतलं 'आर' (R, म्हणजे रने या नावाचं आद्याक्षर) गेलं. तुमच्या वाडग्यावर 'आर' नाही, म्हणजे तो बहुतेक मार्कच्या काळातला किंवा त्यानंतरचा. सावध एवढ्यासाठी राहायचं की जुने नमुने पुन्हा काढले गेले; 'बाकांत' ही 1927 ची फुलदाणी आजही बनते. त्यामुळे आकार जुना म्हणून वस्तू जुनी, असं होत नाही. उलट नव्या वस्तूवर यंत्रानं 'आर' जोडणारेही आहेत. जुन्या सहीच्या रेषेत वर्षानुवर्षांचा मळ आणि बारीक चरे मिसळलेले असतात. नव्या कोरीवकामाची कड पांढरी, भुरभुरीत दिसते. निळसर दुधाळ झाक असलेली काच बहुधा दुसऱ्या महायुद्धापूर्वीची.

फुलदाणीच्या सहीचा तिरप्या उजेडातला फोटो, आतून दिवा लावलेला एक, तोंडाच्या कडेचा एक आणि दोन्ही वस्तूंच्या तळांचे असे फोटो टाका. तोवर कुठल्याही आम्लानं किंवा चकाकी आणणाऱ्या द्रवानं साफ करू नका, कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरे. लालीकच्या खाचांतली राखाडी किंवा तपकिरी छटा मळ समजून घासायची नाही. ती बहुधा मुद्दाम दिलेली असते.